डोळे लावणं आणि डोळा लागणं

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. लांबच्या प्रवासात मी ताठ बसून डोळे मिटतो आणि बस घाटात कशीही वळली तरी हूं की चूं करत नाही, हे पाहून सून एकदा म्हणाली, "बाबा, हे कुठे शिकलात?" मी म्हणालो, "कंपनीत एक ड्रायव्हर होता, त्याने शिकवलं." "मग त्यांना एकदा जेवायला बोलवा की घरी." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही. म्हातारपणी ही एक सोय असते.

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. आम्ही यंत्रांचे सुटे भाग बनवायचो आणि त्यातला प्रत्येक भाग चुकलेला आहे असं धरून चालणं हे माझं काम होतं. केसभर फरक असला तरी माझ्या नजरेतून सुटत नसे, अशी माझी ख्याती होती. हळूहळू ती सवय घरी आली, बाजारात आली. पंचवटीत भाजी घेताना मी तराजूच्या पारड्याखालून बोट फिरवून बघायचो. तिथली एक भाजीवाली मला पाहिलं की पारडंच उलटं करून दाखवायची. "घ्या दादा, चिंच नाय चिकटवलेली. आता तरी वांगी घ्या."

एखाद्या गिऱ्हाईकाने माल नाकारला की त्याच्या कारखान्यात जाऊन भांडणं मिटवायची जबाबदारीही माझीच होती. कधी कोल्हापूर, कधी हैदराबाद, बहुतेक वेळा इंदूरच्या बाजूला. कंपनीची जीप असे. आणि मला प्रवासाची भीती वाटायची. हे कुणाला ठाऊक नव्हतं. घाट सुरू झाला की हात समोरच्या दांडीवर आवळले जायचे, आणि मी उजव्या पायाने ब्रेक दाबत बसायचो. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जीपवर नवे ड्रायव्हर आले. देवळ्याकडचे होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. मी त्यांना अरे-तुरे करायचो. ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे होते, हे मला पुढे एका कागदावर वाचून कळलं. आता लिहिताना तरी अहो-जाहो करतो.

पहिल्याच फेरीत दोन तास झाल्यावर त्यांनी लिंबाच्या झाडाखाली जीप उभी केली, किल्ली काढली आणि म्हणाले, "साहेब, दहा मिनिटं डोळे लावतो."

"झोप येतेय का रे?"

"नाय साहेब. झोपायचं नाय. नुसते लावायचे."

दार लावावं तसे त्यांनी डोळे लावले. पाठ सरळ, हात मांडीवर. मी घड्याळ लावून पाहिलं. दहाव्या मिनिटाला डोळे उघडले आणि गाडी सुरू केली. दोन तासांनी पुन्हा तेच.

मला ते पटलं नाही. मी हळूच जवळ सरकून त्यांच्या श्वासाचा वास घेतला. दारू नव्हती. त्यांच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी हातावर घेऊन हुंगलं. सीटखाली ते एक छोटी डबी ठेवत. ते लघवीला गेले तेव्हा ती उघडली. रात्र-रात्र गाडी हाकणारे गोळ्या खातात असं मी ऐकलं होतं. आत बडीशेप निघाली. मी चार दाणे चावूनही पाहिले. बडीशेपच होती. त्याने माझं समाधान होण्याऐवजी शंका वाढली. ज्या मालात काहीच दोष सापडत नाही, तो मी नेहमी दुसऱ्यांदा तपासायचो.

एकदा धुळ्याच्या अलीकडे चहाच्या टपरीसमोर ते असेच बसले होते. टपरीवाला मला डोळा मारून म्हणाला, "काय ध्यान बसलंय बघा साहेब!"

आप्पांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "ध्यानच हाय भाऊ. तू चहा उकळू दे, लय पाणचट करतोस."

मग चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं. आधी ते कांद्याचा ट्रक चालवायचे. डोकं फार तापट. एकदा एका गाडीने हूल दिली म्हणून तिच्यामागे ट्रक पळवला आणि तो उलटला. शेजारी सख्खा धाकटा भाऊ बसला होता. त्याचा पाय गेला. गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी मग त्यांना हे डोळे लावणं शिकवलं.

"स्टेअरिंगवर राग बसला ना साहेब, की आपण नुसते क्लीनर," ते म्हणाले. "म्हणून दर दोन तासांनी बघायचं, आत कोण बसलंय."

मी मान हलवली. मनात म्हटलं, म्हणजे याने एकदा गाडी उलटवलेली आहे. हेच तेवढं मी नोंदवून ठेवलं.

माझा पाय त्यांनी केव्हाच पाहिला होता. एका घाटात ते सहज म्हणाले, "साहेब, तुमचा ब्रेक लागत नाय. उगा पाय दुखवता." मी ओशाळलो. "तुम्ही पण लावा की डोळे. नाकपुडीपाशी ध्यान ठेवा. श्वास आत येताना गार लागतो, जाताना ऊन. बस, तेवढंच. मोजू नका. तुम्हाला मोजायचं लय वेड हाय."

"आणि तू?"

"मी गाडी उभी असताना लावीन, तुम्ही पळती असताना लावा. दोघांनी एकदम लावले तर मग थेट वरच भेट."

मला वाटलं, याला माझे डोळे मिटलेले का हवे आहेत? वाटेत प्रवासी घ्यायचे असतील, आडवाटेने कुठे जायचं असेल. म्हणून मी ध्यानाचं सोंग करायचो आणि एक डोळा किलकिला ठेवायचो. असे महिने गेले. आप्पांनी कधी एक प्रवासी घेतला नाही, वाट वाकडी केली नाही. त्याचाही मला राग यायचा.

तो दिवस उन्हाळ्यातला. इंदूरकडून परत येत होतो. गिऱ्हाईकाने सगळा माल परत पाठवायचं ठरवलं होतं आणि चूक आमच्याच विभागाची होती. दुपारी उमराण्याला चहा घेतला. आप्पांनी गाडीत आपली दहा मिनिटं डोळे लावले. निघाल्यावर म्हणाले, "साहेब, आज तुमच्या आत लय गर्दी दिसते. जरा लावा डोळे."

त्या दिवशी मी पहिल्यांदा दोन्ही डोळे खरोखर मिटले. गार. ऊन. गार. ऊन. दांडीवरचे हात कधी सुटले ते कळलं नाही. पाय पत्र्यावर सैल पडला. इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. आणि मग माझा डोळा लागला.

धडाक्याने जागा झालो. राहूडच्या घाटात जीपचं तोंड डोंगराच्या बाजूच्या पाण्याच्या चारीत घुसलं होतं. आप्पांचा डावा हात माझ्या छातीवर आडवा होता, मला काचेवर जाऊ न देण्यासाठी. त्यांच्या कपाळातून रक्त येत होतं.

"साहेब, लागलं का?"

मला खरचटलंही नव्हतं. ते म्हणाले, वळणावर ओव्हरटेक करत एक ट्रक अंगावर आला, दरीकडे जाता येईना म्हणून डोंगराला गाडी घातली. ट्रक थांबला नाही. मागेपुढे दुसरी गाडी नव्हती. पाहणारे दोघंच, आणि त्यातला एक झोपलेला.

कंपनीत चौकशी झाली. प्रशासनाच्या साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघे आणि लिहून घेणारा एक कारकून. साहेबांनी मला विचारलं, "ट्रक तुम्ही पाहिला?"

"मला ट्रक दिसला नाही," मी म्हणालो.

यात खोटा शब्द एकही नाही. पण 'मी झोपलो होतो' एवढं त्यात नव्हतं. ज्याच्या नजरेतून केस सुटत नाही तो तपासणीवाला ड्रायव्हरच्या सांगण्यावरून डोळे मिटून बसला आणि घोरायला लागला, हे दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या कारखान्यात पसरलं असतं. शिवाय माझ्याकडे शंका होतीच. कोण जाणे, ट्रक खरंच होता का? आप्पाच पेंगले नसतील कशावरून? ही शंका मला तेव्हा फार उपयोगी पडली. मी ती जपून ठेवली होती.

साहेब आप्पांकडे वळले. "तुम्ही म्हणे गाडीत डोळे मिटून बसता?"

"लावतो ना साहेब. दर दोन तासांनी डोळे लावतो. गाडी उभी असताना."

कारकून जांभई देत लिहीत होता. कागद सहीसाठी आधी माझ्याकडे आला. त्यावर लिहिलं होतं : 'दर दोन तासांनी डोळे लागत असल्याचे चालकाने स्वतः कबूल केले.' गाडी उभी असताना, हे शब्द नव्हतेच. 'लावत'चं 'लागत' झालं होतं. 'व'च्या जागी 'ग'. एका अक्षराने डोळे लावणारा माणूस डोळे लागणारा झाला होता.

मला ते वाचताक्षणी दिसलं. दिसलं नाही असं म्हणायची सोय मला नाही, कारण असंच दिसण्यासाठी मी तिथे नोकरीला होतो. पेन हातात होतं. एक अक्षर खोडून वर दुसरं लिहायचं, एवढंच काम. मी मनाशी म्हटलं, चूक कारकुनाची आहे. आणि सही केली.

आप्पा माझ्याकडे बघत होते. मी झोपलो होतो हे त्यांना माहीत होतं. 'साहेबांना विचारा, त्यांचा डोळा लागला होता,' एवढं ते बोलले असते तर सगळंच फिरलं असतं. ते बोलले नाहीत. साहेबांनी सही केलीय म्हणजे बरोबरच असणार, अशा भरवशाने त्यांनी न वाचता कागदावर एकेक अक्षर काढत सही केली.

त्या आठवड्यात त्यांना कामावरून काढलं. 'गाडीवर झोपणारा' हा शिक्का असा, की अंबडच्या दुसऱ्या कुठल्या कंपनीने त्यांना उभं केलं नाही. ते गेटवर किल्ल्या देऊन निघाले तेव्हा मी समोर आलो, तर म्हणाले, "साहेब, पाय नका दाबत जाऊ."

महिन्याभराने मी गॅरेजमध्ये गेलो. दुरुस्तीला पडलेल्या जीपच्या उजव्या बाजूला मागपर्यंत एक लांब ओरखडा होता आणि त्यात निळा रंग बसला होता. आमची जीप पांढरी. मिस्त्री म्हणाला, "मोठी गाडी घासून गेलीय साहेब. दैव बलवत्तर तुमचं." मी त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. ट्रक होता. आता शंकेलाही जागा उरली नव्हती. तरीही मी कंपनीत येऊन कुणाला काही बोललो नाही. मिस्त्रीने त्यावर पांढरा रंग मारला.

निवृत्त झाल्यावर, दोन हजार सालानंतर, मी एकदा देवळ्याला गेलो. बसमध्ये नाकपुडीपाशी ध्यान ठेवायचं सोडून एकच वाक्य घोकत होतो. आप्पा कांदा मार्केटच्या आवारात भेटले. दुसऱ्याच्या पिकअपवर रोजाने चालवत होते. केस पांढरे झाले होते. मला पाहून हातातलं फडकं टाकून आले, ओट्यावर जागा पुसून मला बसवलं, चहा मागवला.

"साहेब, डोळे लावता ना अजून?"

"लावतो."

"लागत तर नाय ना?" असं म्हणून ते हसले.

ते हसणं मी आजवर कितीदा तपासलं असेल. त्यांना त्या कागदातलं अक्षर कुणी वाचून दाखवलं होतं का? टोमणा होता, की साधी थट्टा? टोमणाच असावा असं मला वाटतं. कारण तसं असेल तर निदान हिशेब थोडा तरी सारखा होतो. पण आप्पांचा स्वभाव आठवला की तेही पटत नाही.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी त्यांना हाक मारली. पिकअप भरली होती. "बसा साहेब, उमराण्याला टाकून आलोच," म्हणत ते गेले. मी बसलो. तासाभराने नाशिकची बस लागली आणि मी उठून तिच्यात चढलो. ते परत आले असतील तेव्हा ओट्यावर माझा रिकामा कप असेल.

पुन्हा गेलो तेव्हा चार वर्षं उलटली होती. घराच्या दारात कुबडी टेकून त्यांचे भाऊ उभे होते. म्हणाले, "आप्पा जाऊन दोन वर्षं झाली. तुम्ही ते तपासणीवाले साहेब ना? लय सांगायचा तुमचं. साहेब माणूस चांगला, फक्त ब्रेक दाबायचा, म्हणायचा." आणि ते मनापासून हसले.

त्यांनाही मी सांगू शकलो असतो. पाणी प्यायलो आणि परत निघालो.

ते वाक्य अजून पाठ आहे. प्रवासात डोळे मिटले की श्वासाच्या आधी तेच येतं. त्यात मी त्यांना 'अरे' म्हणत नाही.

आप्पा, त्या दिवशी घाटात डोळा माझा लागला होता, तुमचा नाही, आणि कागदावरचं ते अक्षर मी वाचलं होतं. मला माफ करा.