बॅटरी उतरली होती

इंदूताईंच्या प्रत्येक पातळाला निऱ्यांपाशी बारीक भोकं असायची. ती चुलीच्या ठिणग्यांची नव्हेत, बॅटरीतल्या अ‍ॅसिडची. पन्नासच्या दशकात मी शिक्षिका म्हणून चिंचवडला आले आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पहिल्याच गुरुवारी त्या मला दिसल्या: पदर खोचलेला, गाडीचं बॉनेट उघडं, हातात बॅटरी तपासायची रबरी फुग्याची काचेची नळी. मी नमस्कार केला, तर वर न बघता म्हणाल्या, "थांब गं जरा, हिची नाडी बघतेय."

गाडी त्यांचे यजमान नानासाहेब यांची. मामलेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती हौसेनं घेतली होती. मी आल्यावर काही महिन्यांनी त्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या आणि फिरणं बंद झालं. पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, "कळ आली की वाट बघू नका, सरळ इकडे घेऊन या." म्हणजे गाडी वापरायची तर नाही, पण सदैव तयार ठेवायची. नुसत्या उभ्या गाडीची बॅटरी मात्र हळूहळू उतरते. मग हँडल मारून इंजिन सुरू करावं लागतं, आणि तेवढा जोर इंदूताईंच्या मनगटात नव्हता. बॅटरी भरायला पुण्याला पाठवली की ती येईपर्यंत गाडी म्हणजे नुसता सांगाडा.

म्हणून त्यांनी घरीच चार्जर आणायचं ठरवलं. दुकानात मी सोबत होते. दुकानदारानं एक मोठं धूड पुढे ठेवलं. "हा घ्या बाई. सकाळी लावा, संध्याकाळपर्यंत फुल्ल!"

"आणि दर आठवड्याला लावला तर आतलं पाणी उकळून जाईल, त्याचं काय?" इंदूताईंनी विचारलं. "तो बारका दाखवा."

"त्यानं काय होणार? नुसता थेंब थेंब करंट देतो तो."

"तेच हवंय. मला बॅटरी भरायची नाहीये हो, उतरू द्यायची नाहीये."

हे वाक्य त्या बऱ्याच गोष्टींबद्दल म्हणत. माझ्या वर्गातल्या ढ मुलींबद्दलही म्हणत. तेव्हापासून दर गुरुवारी बॅटरीची बुचं काढून तो चार्जर लागायचा, मधूनमधून नळीनं तपासणी व्हायची आणि काम झालं की वायर निघायची. 'विसरून लावून ठेवला तर हाही मारेल तिला,' असं त्या बजावायच्या.

फिरणं बंद होण्याआधी गाडी चालवायलाही त्या शिकल्या होत्या. निघोजे गावचा गणपत पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामाला होता. सुट्टीच्या दिवशी तो नानासाहेबांचा ड्रायव्हर. देहूच्या मोकळ्या रस्त्यावर त्यानंच त्यांना शिकवलं. मला म्हणायचा, "बाईंचा हात लई हलका हाय. गिअर पडलेला कळत न्हाई." नानासाहेब मागे, कधीमधी माझ्या शेजारी, बसून कौतुकानं बघायचे. परतताना मात्र चिंचवड जवळ आलं की म्हणायचे, "इंदू, आता मागे ये. गाव आलं." मग गणपत पुढे बसायचा. इंदूताई हसून उतरायच्या. मला ते हसणं कधी आवडलं नाही.

ज्या दिवसासाठी हे सगळं चाललं होतं, तो एका सकाळी आला. मी वह्या तपासत होते. सेल्फ स्टार्टरचा आवाज आला आणि पाठोपाठ, हँडल न मारता, इंजिन सुरू झालं. मी धावत बाहेर गेले. नानासाहेब ओसरीवर खुर्चीत, घामानं भिजलेले. इंदूताई गाडीत, स्टिअरिंगवर. आणि नानासाहेबांचे धाकटे भाऊ बापू गाडीसमोर उभे.

"वहिनी, गणपतला बोलवायला माणूस गेलाय. येईलच तो."

"तो शिफ्टला आहे, बापूभाऊजी. मागचं दार उघडा, ह्यांना धरून आणा."

बापू हलले नाहीत. मी ओरडले, "अहो, गाडी सुरू आहे ना!"

"तुम्ही मध्ये पडू नका, बाई."

इंदूताई उतरल्या, तडक ओसरीवर गेल्या आणि नवऱ्याजवळ वाकल्या. ते काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं, की त्या ताठ झाल्या आणि मग त्यांच्या पायाशी पायरीवर बसल्या. गाडीचं इंजिन तसंच चालू होतं. गणपत सायकल हाणत आला तेव्हा नानासाहेबांची मान कलली होती. गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली, पण दापोडीच्या अलीकडेच सगळं संपलं.

समाचाराला आलेल्यांना बापू सांगत, "बॅटरी उतरली होती हो. गणपतनं येऊन हँडल मारलं, तेव्हा कुठे सुरू झाली." लोक हळहळत. "एवढी गाडी दारात असून ऐन वेळी दगा!" गणपत दाराशी उभा होता. त्यानं इंदूताईंकडे बघितलं, पण त्यांनी मान वर केली नाही. बॅटरीत पाणी कमी आहे असं कोणी थट्टेनं म्हटलं तरी भांडायला उठणारी ही बाई गप्प बसली होती. मला बापूंची चीड आली, आणि इंदूताईंच्या गप्प बसण्याची त्याहून जास्त.

पुढे त्या कायमच्या मुलीकडे मिरजेला निघाल्या. मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले. फलाटावर राहवलं नाही. म्हटलं, "बापूंना बाजूला ढकलून का नाही गेलात?"

"त्यांना ढकललंच असतं गं." त्या रुळांकडे बघत राहिल्या. "हेच म्हणाले, 'गावातून नको, इंदू. गणपत येऊ दे.'"

त्यांनी वळकटीची दोरी आवळली.

"जन्मभर माझ्या हातचं जेवले. औषधही माझ्याच हातचं घेतलं. गावातून तेवढं माझ्या शेजारी बसवेना."

"मग सांगा की लोकांना! बापू खोटं बोलतायत."

"बापूभाऊजी भावाची अब्रू झाकतायत. आणि मी काय सांगू? मामलेदार बायकोला लाजून मेले? बॅटरी उतरली होती, असंच राहू दे. तिला कुठे अब्रू आहे?"

गाडी आली. वळकटी आत घेताना म्हणाल्या, "जा आता. उगीच रडत उभी राहू नकोस." पुन्हा त्या चिंचवडला आल्या नाहीत. मिरजेहूनच त्या वारल्याचं कळलं.

चिंचवडला अजून कोणी नवी गाडी घेतली की जुनी माणसं बजावतात, "बॅटरीकडे लक्ष ठेवा बरं, नाहीतर मामलेदारांसारखं व्हायचं." मग माझ्याकडे वळून म्हणतात, "बाईंना विचारा, त्या शेजारीच होत्या."

मी म्हणते, "हो. उतरली होती."