निरसं दूध

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ नोकरीतून भूमापक म्हणून निवृत्त झाले, पण बोलतात वैद्यासारखे. पत्नी गेल्यापासून मला अन्न पचेनासं झालंय, हे त्यांनी जिन्यातच ओळखलं.

"अहो, दूध तापवलं की त्यातला जीव गेला. निरसं प्या, वर चिमूटभर सुंठ."

रोज सकाळी सातला ते पर्वतीच्या पायथ्याच्या गोठ्यातून न तापवलेलं दूध आणत आणि माझा पेला रिकामा होईपर्यंत दारात उभे राहत. तिसऱ्या दिवशी मला जुलाब लागले. त्यांना आनंद झाला.

"बघा, विकार बाहेर पडतोय!"

"त्याच्या पाठोपाठ मीही निघालोय," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी ते दोन ताटल्यांत मऊ भात आणि मेतकूट घेऊन आले.

"म्हणजे दूध चुकलं?"

"दूध कसं चुकेल? तुमची प्रकृती त्या लायकीची नाही."

मग हिच्या खुर्चीवर, जिथे दोन महिने कोणी बसलं नव्हतं, ते न विचारता बसले आणि भात कालवू लागले. मीही जेवलो.

तो भात पचला. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं, तर ते श्रेय सुंठीला देतील.