फक्त सोमवारी रुसणारी पिकअप

तळवलीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर आणि बाहेर एक गाडी उभी राहील एवढी जागा. गाडी बंद पडली की लोकांना राग येतो, मला आधी उत्सुकता वाटते. धंद्याला ही सवय बरी नाही. जिथे नवी बॅटरी विकून मोकळं व्हायचं, तिथे मी तासभर मीटर धरून बसतो. बायको म्हणते, गिऱ्हाइकाला गाडी हवी असते, कारण नको असतं. तिचं खरंही असेल, पण कारण सापडल्याशिवाय मला जेवण जात नाही.

तर गावातल्या एका ताईंची पिकअप फक्त सोमवारी बंद पडायची.

ताई पन्नाशीच्या. त्यांचे यजमान वाशीच्या मार्केटातून भाजी उचलून बेलापूरच्या एका कॅन्टीनला पोचवायचे. वर्षापूर्वी ते अचानक गेले. आधी दिराने गाडी रोज चालवली, मग ती विकायची बोलणी सुरू केली, तोवर ताई लायसन काढून आल्या आणि यजमानांच्या जागी स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. गावात काही जण हसले. मीही थोडा हसलो असेन.

गाडी हातात घेतल्यावर पहिल्याच सोमवारी पहाटे त्यांचा फोन आला. सेल्फ मारला की नुसतं टक्‌टक्. मी जाऊन दुसऱ्या बॅटरीवरून जंप दिला, गाडी सुरू झाली आणि वर फुकटचा सल्लाही दिला, "ताई, उतरताना आतली लाईट चालू राहत असेल."

"मी नाय ठेवली दादा. दोनदा बघून उतरते मी."

"होतं असं. विसरायला होतं माणसाला."

त्यांच्या जागी एखादा पुरुष असता तर मी आधी मीटर काढला असता. हे मला तेव्हा सुचलं नाही, आता लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या सोमवारी तेच झालं. तिसऱ्याही. मंगळवार ते शनिवार गाडी पहिल्या फटक्यात सुरू व्हायची, रविवारी कॅन्टीनला सुट्टी. तिसऱ्या सोमवारी जंप देत असताना ताई म्हणाल्या, "दादा, सोमवारी सकाली आईचा दिवापन मंद दिसतो." डॅशबोर्डवर एकवीरा आईची छोटी तसबीर होती आणि तिच्यासमोर ज्योतीच्या आकाराचा पिवळा बल्ब. बॅटरी बसली की दिवा मंद होणारच, त्यात नवल काय, असं म्हणून मी केबल गुंडाळल्या.

पण त्या दिवशी भाजी पुन्हा उशिरा पोचली. कॅन्टीनवाल्याने सरळ सांगितलं, पुढच्या सोमवारी उशीर झाला तर दुसरी गाडी लावतो. आणि दिराने त्याच दुपारी एक गिऱ्हाईक आणून गाडी दाखवली. ताईंनी हे सगळं मला दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं. आवाज चढला नाही, पण हातातली चावी त्या सारखी या हातातून त्या हातात करत होत्या. तेव्हा कुठे माझं डोकं ताळ्यावर आलं.

बॅटरी दोन वर्षांची होती. चार्ज करून, भार देऊन तपासली, तर बिचारी ठीक होती. इंजिन चालू असताना डायनामोही नीट चार्जिंग करत होता. म्हणजे गाडी उभी असताना कोणीतरी गुपचूप करंट पीत होतं. मी म्हटलं, शनिवारी दुपारी फेरी झाली की गाडी माझ्याकडे आणून लावा, रविवारभर मी तिच्यासमोर बसतो.

आजकालच्या गाडीला डोळा लागायला वेळ लागतो. चावी काढली तरी तिच्यातला कंप्युटर लगेच झोपत नाही, आणि दार उघडलं की दचकून जागा होतो. त्यामुळे मी दार उघडं ठेवलं, त्याच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवला आणि दार बंद आहे असं गाडीला पटवलं. बॉनेट उघडून बॅटरीच्या मायनसच्या जाड वायरीला मीटरचा चिमटा लावला आणि चहा घेऊन अर्धा तास गप्प बसलो. झोपलेल्या गाडीने थेंबभर करंट घ्यावा. ही पाऊण अँपिअर ओढत होती. शनिवार दुपार ते सोमवार पहाट, तेवढ्यात बॅटरी रिकामी.

चोर आहे हे ठरलं. मला भलताच आनंद झाला. एकेक फ्यूज उपसायला लागलो. हेडलाईट, हॉर्न, टेप, वायपर. आकडा ढिम्म हलेना. आतले फ्यूज काढायला केबिनमध्ये शिरलो की मी सवयीने तसबिरीला हात जोडायचो, मग काम. असं दहा वेळा तरी झालं असेल. शेवटी डायनामोची वायर सोडवली. तरीही पाऊण अँपिअर.

रविवारी दुपारी ताई आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. मी पुन्हा बॅटरीपाशी गेलो. फ्यूज काढूनही थांबत नाही तो करंट फ्यूजमधून जातच नसणार. मग तो निघतो कुठून? बॅटरीच्या प्लसच्या नटाखाली, जाड केबलच्या आडोशाला, एक बारीक लाल वायर होती. वर काळी टेप इतकी सुबक गुंडाळलेली, की कंपनीची वाटावी. ती बोटाने चाचपत निघालो. बॉनेटमधून आत, मॅटच्या खालून, डॅशबोर्डच्या पाठीमागून वर. बोट थांबलं ते आईच्या दिव्याखाली.

"ताई, चावी काढली तरी हा चालूच असतो?"

"मंग? आईचा दिवा हाय. तो बंद कसा करायचा?" त्या माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशा बघत होत्या. "आमच्या यांनी लावलाय. गाडी आनली त्याच दिवशी. बोलले, याला विजू द्यायचा नाय."

दहा वेळा हात जोडले, पण त्या दिव्याला मी लाईट म्हणून मोजलंच नव्हतं. ताईंनीही नाही. तरी त्यांनीच सोमवारी मला त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. मी म्हटलं, "ताई, तुमची काही चूक नव्हती. पहिल्या दिवशी बोललो ते मी चुकीचं बोललो."

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. "विजवायला लागंल?" एवढंच विचारलं.

"वायर बदलू. मधे फ्यूज टाकतो. चावी फिरवली की लागेल, काढली की विझेल."

त्या उठल्या, तसबिरीला नमस्कार केला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी पाना दिला. नट त्यांनीच सैल केला, वायर त्यांनीच काढली. दिवा विझला. मीटर बघण्याआधीच मला कळलं होतं, तरी बघितला. आकडा थेंबावर आला होता.

"यांच्या टायमाला असं कवाच झालं नाय," त्या जाताना म्हणाल्या. "तोच दिवा, तीच वायर. ते कसं?" हे कारण मीटर सांगणार नव्हता, आणि ते मला चांगलंच लागलं. संध्याकाळपर्यंत बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि गाडी त्यांच्या दारात नेऊन उभी केली.

सोमवारी पहाटे मी न बोलावता त्यांच्या दारात गेलो. जंपच्या केबल पाठीमागे धरल्या होत्या. ताईंनी त्या बघितल्या आणि न बघितल्यासारखं केलं. चावी फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन लागलं आणि आईचा दिवा स्वच्छ पेटला. मला इतकं हायसं वाटलं की केबल हातातून निसटल्या.

"ताई, यजमान रविवारी गाडी काढायचे का?"

"मंग? रविवारी लग्नाची भाडी, मंडपाचं सामान. एकपन रविवार घरी नसायचे."

"म्हणून. रोज गाडी पळायची, दिवा जेवढं प्यायचा तेवढं परत भरायचं. तुम्ही रविवारी सुट्टी घेता, गाडी उभी राहते."

त्यांनी गिअर टाकला, पण गाडी सोडली नाही. दिव्याकडे बघत राहिल्या.

"हे एक रविवार घरी बसले असते," त्या म्हणाल्या, "तं यांनाच समजला असता."