हा तुकडा मांजरीला

…नाही गं, तसं नाही. मी सांगते तसं कागदावर उतरव, आधी चौकाचं, मग दिर्सेऊचं. चौकात खांबावर लोखंडी पेटी होती अन् पेटीत गावातला एकुलता एक टीव्ही. संध्याकाळी नगरपालिकेचा माणूस येऊन कुलूप काढायचा. आम्ही घरच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन जायचो, पुढं बसायला भांडायचो. तुझा आजोबा मात्र मागं उभा राहायचा. दिवसभर दुकानात उभं राहून त्याला बसणंच जमत नसे. चर्चच्या उतारावर खाटकाचं दुकान होतं ना आमचं.

अन् दिर्सेऊ म्हणजे समोरच्या लाझारीनाचा मुलगा. ती कपडे शिवायची. पोरगं लहानपणापासून लबाड डोळ्यांचं. चोर नव्हे हां, पण बघायचं. कोण कप कसा धरतं, शिंकायच्या आधी फादर नाक कसं चोळतात, सगळं बघून ठेवायचं अन् चार दिवसांनी तुमच्याच तोंडावर करून दाखवायचं. लोक हसायचे खरं, पण तो आला की जपून बसायचे. मी पण.

पुढं तो रिओला गेला, बसमध्ये कंडक्टर झाला. तिथं कुणीतरी नाटकात घेतला. मग सिनेमात कधी प्रेत, कधी वेटर. एका सिनेमात नुसती पाठ दिसली त्याची, तरी लाझारीनानं आम्हाला बस करून थिएटरात नेलं अन् ती पाठ बघून रडली. असं करत करत रात्रीच्या मोठ्या मालिकेत काम मिळालं. खाटकाचं.

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढी माणसं जगात, अन् याला खाटीकच व्हायचं होतं?

पहिल्या दिवशी अख्खा गाव चौकात. पडद्यावर दिर्सेऊ आला. एप्रनला डावीकडं हात पुसले, बाईला तिच्या सासूची तब्येत विचारली, मांस तराजूवर टाकलं, वर एक बारका तुकडा ठेवला अन् म्हणाला, "हा तुकडा मांजरीला."

पोरी, ते वाक्य तुझ्या आजोबाचं, वरचा फुकटचा तुकडा देतानाचं. गावातल्या प्रत्येक बाईनं ऐकलेलं. चौकात काय हशा पिकला! अन् मग चित्र खाली सरकलं. कागदाच्या आड दिर्सेऊचा अंगठा तराजू दाबत होता.

हसू बंद. खुर्च्या करकरल्या, सगळी तोंडं मागं वळली. तुझा आजोबा उभा होता अन् त्याचे दोन्ही हात खिशात होते.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाली झुल्मीरा दुकानात आली. नजर मांसावर नाही, हातावर. आजोबानं विचारलं, काय बघतेस? तर म्हणते, "काही नाही रे ओलेगारियो. आमच्याकडं मांजर कधी नव्हतीच, तरी तू इतकी वर्षं तिला जेवू घालतोस, त्याचं नवल करतेय." त्या आठवड्यात ती पुलापलीकडच्या खाटकाकडं जायला लागली. तिच्यामागं बाकीच्या. रोज रात्री मालिकेत अंगठा दिसायचा अन् रोज सकाळी आमचं एखादं गिऱ्हाईक कमी व्हायचं. असंच चाललं असतं तर दुकानाला टाळं लागलं असतं.

मी दिर्सेऊला शिव्या घालत होते. आजोबा मात्र एक अक्षर बोलत नव्हता, अन् तेच मला खटकायचं. खरा माणूस चिडला असता, भांडी आपटली असती. हा गप्प. ताटात चमचा धरला तरी माझं लक्ष त्याच्या अंगठ्याकडं जायला लागलं.

जूनच्या जत्रेला दिर्सेऊ गावी आला. मी तडक लाझारीनाच्या घरी. तो चीजचे पाव खात बसलेला, तोंडावर पीठ. मी म्हटलं, तुझं पोट भरायला आमच्या पोटावर पाय दिलास, आता उद्या सकाळी गावादेखत आमच्या दुकानात मांस घ्यायला ये.

त्यानं हातातला पाव खाली ठेवला. "काकू, काकांना विचारलंत का?"

"त्यांना काय विचारायचंय?"

त्यानं तोंडावरचं पीठ पुसलं. म्हणाला, येतो.

आला. मागं अर्धी जत्रा. झुल्मीरा तर दारातच, हाताची घडी घालून. दिर्सेऊनं बरगड्या मागितल्या. तुझ्या आजोबानं मांस तराजूवर टाकलं अन्, काय झालं त्याला कुणास ठाऊक, दोन्ही हात वर केले. पोलिसानं बंदूक रोखल्यासारखे. काटा आपला आपण थांबला.

दिर्सेऊ वळला अन् मोठ्यानं म्हणाला, "ऐका रे. मांजर ओलेगारियो काकांची, ती मी चोरली. अंगठा मालिका लिहिणाऱ्यानं घातलेला. या दुकानात असलं मी कधी पाहिलं नाही." असा सरळ चेहरा, अशी नजर, की झुल्मीराचे डोळे भरले. तिनं तिथंच गोमांस घेतलं.

दुकान वाचलं. सगळी गिऱ्हाइकं परत आली. आजोबा मरेपर्यंत हात वर करूनच वजन करायचा, लोकांना गंमत वाटायची.

पण ऐक. त्याआधी दर शनिवारी दुकान बंद केल्यावर आजोबा घरी बरगडीचा जाडजूड तुकडा आणायचा. उरलाय म्हणायचा. त्या जत्रेनंतर कधीच काही उरलं नाही. तीच जनावरं, तीच गिऱ्हाइकं. रविवारी आम्ही कोंबडी खायला लागलो. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, हल्लीची गुरंच हाडकुळी.

दिर्सेऊ पुढं मोठा झाला. सिनेमे केले, बक्षिसं मिळाली. मी सगळं बघत आले, पण त्या सकाळच्या चेहऱ्यावरून माझा संशय गेला नाही. आता तो रिओला म्हाताऱ्या नटांच्या आश्रमात आहे म्हणतात, अन् तू पुढच्या महिन्यात तिकडं कामाला चाललीस. हा कागद त्याला दे. सांग, एर्सीलिया काकूनं पाठवलाय. ओलेगारियो गेला, आता कुणाचं दुकान बुडत नाही, तर तो अंगठा आमच्या दुकानात पाहिला होतास का, तेवढं खरं सांग म्हणावं. अन् तो जे सांगेल ते नीट ऐकून ये. तोंडाकडं मात्र बघू नकोस.