खिरीचा नवा तांदूळ

सौंसरच्या स्टँडवर नागपूरची बस सुरू झाली, तेव्हा आईने खिडकीतून कापडाची एक पुरचुंडी माझ्या मांडीवर ढकलली. चिन्नोर तांदळाचा तुकडा, म्हणजे कणी, बालाघाटकडून बाजारात येणारी, वासाची. "पौर्णिमेले खीर करजो. नवा हाय तोवरच कर," एवढंच म्हणाली. मी दिल्लीला सरकारी नोकरीवर निघाले होते आणि ही बाई मला तांदूळ बांधून देत होती. मला हसू आलं.

सौंसरला राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे जे निघून गेले ते विसरले असतील. बुद्ध पौर्णिमेला आमच्या वस्तीत घरोघरी खीर व्हायची. आई बाजारात तांदळाचा दाणा दाताखाली धरून पारखायची. कट्‌कन तुटला तर जुना, तो भाताला. पीठ होऊन दाताला चिकटला तर नवा, तो खिरीला. नवा तुकडा दुधात मिळून येतो. वरून मूठभर चारोळी. केशराची चैन आमच्याकडे नव्हती, आणि तिची कधी आठवणही झाली नाही.

दिल्लीत पहिली पौर्णिमा आली. क्वार्टरमध्ये एकटीसाठी काय खीर करायची? आई येईल तेव्हा दोघी मिळून करू, म्हणून पुरचुंडी डब्यात ठेवली, कडुलिंबाचा पाला घालून. फार शहाणी मी!

आई आली ती तिसऱ्या वर्षी, मोठ्या दवाखान्यात दाखवायला. डॉक्टरांनी हात टेकले. तिला अन्न जात नव्हतं. एका दुपारी मात्र म्हणाली, "खीर खावीशी वाटून राहिली." मी धावत जाऊन डबा काढला. बूथवरचं दूध तासभर आटवलं, तरी शितं सुटी ती सुटीच. तिने एक चमचा घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि शीत बोटाने काढून ताटलीच्या कडेला ठेवलं.

"जुना करून ठेवला का बाई तुनं," म्हणाली. रागावली नव्हती, म्हणून जास्त लागलं. त्यानंतर तिने काही मागितलं नाही. पंधरा दिवसांत गेली.

पुढच्या बुद्ध पौर्णिमेला रजा टाकून मी सौंसरला गेले. आईच्या हातची नाही तर नाही, त्या तांदळाची तरी खीर मिळेल, एवढीच आशा होती. वहिनीने वाटी पुढे केली. लांब, मोकळी शितं, वर काजू.

"ताई, तुमच्यासाठी मुद्दाम नागपूरहून जुना बासमती आणवला," ती कौतुकाने म्हणाली. "आमचा तुकडा पाहुण्यायले कसा वाढावा?"

तिचा काय दोष? मी वाटी संपवली, छान झाली म्हणाले. चुलीवर दुसरं पातेलं होतं. चिन्नोरचा वास माजघरापर्यंत येत होता. त्यातली मागायला माझी जीभ उचलली नाही. ती घरच्यांची खीर होती.