बिनदगडाच्या बेटाची चौकशी

"सांगा त्यांना! माझी पोरगी काय कागदाची होडी न्हाई, पाण्यात सोडून द्यायला!"

सासूबाई म्हशीवर ओरडत होत्या. म्हैस शांतपणे कडबा चावत उभी होती, कारण हे बोलणं आपल्यासाठी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते माझ्यासाठी होतं. मी म्हशीपासून चार हातांवर, बाजेवर, हातात चहाची बशी धरून बसलो होतो. आमच्याकडं सासू जावयाशी सरळ बोलत नाही. पदर पुढं ओढायचा, पाठ करायची आणि जे काय सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. तिसरं माणूस घरात नसलं तर म्हशीला, म्हैस रानात असली तर रांजणाला. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि सासूबाई माझ्याशी थेट एक अक्षरही बोललेल्या नव्हत्या. आवाज मात्र असा, की त्यांनी तीर्थपुरीत हाक मारावी आणि वाटूरच्या चौफुलीवर ड्रायव्हरनं घाबरून एसटीचा ब्रेक दाबावा.

"बाजंला दोर बांधून झोपतेत म्हणं तिथं! दुसरं टोक नारळाच्या झाडाला! का, तर झोपंत कूस बदलली की माणूस समुद्रात! अन् माझी पोरगी लहानपणापासून झोपंत लोळती!"

माझ्या बशीतला चहा हलला. ती दोराची गोष्ट माझीच होती.

त्या दिवसांत मी मालदीवमधल्या एका बेटावर, तिथल्या शाळेत गणित शिकवत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या वडीगोद्रीतून मुंबईला गेलेला माणूस लांब गेला असं म्हणायचे. मी तर नकाशावर बोट ठेवलं की बोटाखाली झाकल्या जाणाऱ्या ठिकाणी गेलो होतो. दोन वर्षं एकट्यानं काढली. आता सुट्टीवर आलो होतो आणि या खेपेला बायकोला बरोबर न्यायचं होतं. तिचा पासपोर्ट झाला होता, तिकडून परवाना आला होता. महिन्याभरात ती तिथं पोचली नाही तर परवाना रद्द होणार आणि पुन्हा मिळेल याची खात्री शाळा देत नव्हती. त्यातले आठ दिवस उरले होते. ती माहेरी निरोप घ्यायला आली होती, मी तिला न्यायला आलो होतो. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती: आणखी दोन वर्षं एकट्यानं काढायची माझ्यात ताकद नव्हती.

पण वडीगोद्रीला हायवेच्या कडेच्या हॉटेलात बसलं, की माझ्या जिभेला भलताच जोर यायचा. परदेशातून आलेल्या माणसाभोवती दहा जण बसतात, चहा त्यांचा, ऐकायची हौस त्यांची. अशा वेळी काय सांगायचं? मी दर शुक्रवारी धक्क्यावर कांद्याच्या होडीची वाट बघतो, हे? कोण चहा पाजेल? म्हणून मी सांगायचो की तिथले मासे एवढे शिस्तीचे, की मी वर्गात हजेरी घेतो तेव्हा खिडकीबाहेर रांग लावतात. एका खेकड्यानं माझी उजवी चप्पल पळवली आणि दुसऱ्या दिवशी माप जुळतंय म्हणून डावी न्यायला आला. या सगळ्यावर लोक माना डोलवायचे. एकदा मात्र मी खरं बोललो. म्हणालो, शेजारच्या बेटावर गोरी माणसं हजारो कोस विमानानं येतात, कपडे काढतात आणि भर दुपारी वाळूत पालथी पडून अंग भाजून घेतात. तेव्हा अख्खं हॉटेल उठलं.

"बस का गुरुजी," एक जण म्हणाला, "आम्ही अंगठेबहाद्दर हाव, पर येडे न्हाई. ऊन खायला कोण पैका मोजून जाईल?"

माझ्या सगळ्या थापांत तेवढ्या एकाच खऱ्या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसला नाही.

तर बुधवारी माझा मेहुणा त्या हॉटेलात चहा प्यायला थांबला, दोराची गोष्ट ऐकून आला आणि त्यानं ती घरी जशीच्या तशी उतरवली. गुरुवारी सकाळी मी पोचलो, तेव्हा म्हैस आधीच निम्मं ऐकून बसली होती.

"न्हाई पाठवायची! बिलकुल न्हाई!" सासूबाईंनी शेवटचं सांगितलं आणि घमेलं आदळलं.

तेवढ्यात सासरे रानातून आले. मी त्यांना मामा म्हणायचो. चार वाक्यांचं काम एका शब्दात उरकणारा माणूस. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, माझ्याकडं पाहिलं, सासूबाईंकडं पाहिलं.

"पाव्हणे," ते म्हणाले, "आज खरं सांगायचं. इचारलं तेवढंच. दोर हाय का न्हाई?"

"न्हाई मामा."

"मंग काय हाय?"

माझी चौकशी अशी सुरू झाली. ओसरीवर मामा आणि मी समोरासमोर, दाराच्या चौकटीला पाठ करून सासूबाई, आणि आतल्या खोलीत माझी बायको सूप घेऊन गहू पाखडत होती. ती एक शब्द बोलली नाही. पण सूप वाजायचं. माझं निम्मं लक्ष त्या सुपाकडं होतं.

"नदी इचारा," सासूबाई मामांना म्हणाल्या.

"नदी न्हाई," मी म्हणालो. "ओढा न्हाई, नाला न्हाई. हिरी हायेत, पण खाऱ्या. त्या पाण्यानं धुणं करायचं. प्यायला पावसाचं. पत्र्यावरून टाकीत घ्यायचं अन् जपून प्यायचं."

"ढोरं इचारा."

"गाय न्हाई, म्हैस न्हाई, बैल तर कुणी बघितलाच न्हाई. दूध पावडरचं."

सासूबाईंनी म्हशीकडं असं बघितलं, की तिलाच अपमान वाटावा.

"गिरणी इचारा."

"न्हाई. इथून पीठ नेलं तर समुद्राच्या हवेनं महिन्यात कडू होतं. सदरे वाळत न्हाईत, भाकरीचा तवा आठ दिवसांत तांबडा होतो. माझा ट्रान्झिस्टर गंजून मुका झाला. भाजी आठवड्यातून एकदा होडीनं येती. समुद्र खवळला तर होडी न्हाई. मंग पंधरा दिवस बटाटे अन् मासे. न्हावी न्हाई. मी सायन्सच्या मास्तरचे केस कापतो, तो माझे कापतो."

"तरीच," मामा माझ्या डोक्याकडं बघत म्हणाले.

"टोकापासून टोकापर्यंत केवढं हाय गाव, ते इचारा."

"चालत पाव तास."

मग मेहुणा, जो इतका वेळ भिंतीला टेकून गंमत बघत होता, तो फिस्सकन हसला. "दाजी, पाव तासात तर आमचा बांध बी संपत न्हाई!"

"अन् दगड?" मामांनी विचारलं. का विचारलं, कोण जाणे. त्यांचं सगळं आयुष्य रानातले दगड वेचून बांधावर टाकण्यात गेलं होतं. त्यांना जमीन म्हटलं की आधी दगड दिसायचा.

"दगड न्हाई मामा."

"म्हंजे कमी?"

"म्हंजे एकबी न्हाई. खाली सगळी वाळू. अख्ख्या बेटावर पोराला कुत्र्यावर फेकायला दगड न्हाई. अन् कुत्रंबी न्हाई."

मामांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं, की आता त्यांचाही माझ्यावरचा विश्वास उडाला.

"दोराची गोष्ट परवडली," सासूबाई मामांना म्हणाल्या. "चुलीला तीन दगड न्हाई अशी जमीन देवानं केली असंल का? हे अजून लबाडी करून राह्यले. सांगा त्यांना, उगंच टाइम खाऊ नका."

आता बघा माझी अवस्था. थापा मारल्या तेव्हा दहा जणांनी चहा पाजला. खरं बोललो तर सासरवाडीनं तोंडावर दार लावायची तयारी केली. मी मनातल्या मनात कानाला खडा लावला, की यापुढं आयुष्यात पुन्हा खरं म्हणून बोलायचं नाही. तसं जिभेवर सगळं तयार होतं: गोऱ्या लोकांचं हॉटेल, माझी दोन मजली खोली, दारात गोड्या पाण्याचं कारंजं. दोन मिनिटांत सगळं गोड करून टाकलं असतं.

तेवढ्यात मामांनी आणखी एक विचारलं. बहुधा चौकशी रीतसर संपवायची म्हणून.

"आजारी पडलं माणूस, तर?"

सूप थांबलं.

"एक कंपाउंडर असतो," मी म्हणालो. "डॉक्टर दुसऱ्या बेटावर. होडीनं चार तास."

"तुम्ही पडल्ते कधी?"

इथं मी खरोखर थांबलो. कारण ही गोष्ट मी घरीसुद्धा सांगितली नव्हती. उलट त्याच आठवड्यात मी एक लांबलचक पत्र लिहिलं होतं, की गोऱ्या साहेबानं मला जेवायला बोलावलं, ताटात एवढा मोठा झिंगा होता की त्याच्या मिशा शेजारच्या टेबलावर गेल्या. ते पत्र या घरातही वाचून झालं होतं. मेहुण्याला ते पाठ होतं.

"पडल्तो," मी म्हणालो. "नऊ दिवस ताप होता. झिंग्याचं पत्र लिहिलं ना, ते त्याच तापात लिहिलं. साहेब-बिहेब कुणी न्हवता. शेजारची एक म्हातारी दारात भाताची पेज ठेवून जायची. तिची भाषा मला येत न्हाई, माझी तिला येत न्हाई. ती काहीतरी बोलायची, मी मान हलवायचो."

कुणी हसलं नाही. मेहुण्यानं भिंतीवरची पाठ काढली.

"पाणी कोण देत होतं?"

मी उत्तर द्यायला मामांकडं वळलो आणि लक्षात आलं, की प्रश्न मामांचा नव्हता. सासूबाई वळल्या होत्या. पदर डोक्यावर होता, पण तोंड माझ्याकडं होतं. तीन वर्षांत मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा समोरून पाहिला. मला वाटलं होतं, एवढ्या आवाजाच्या बाईचा चेहरा बंद दारासारखा असेल. तो माझ्या बायकोच्या चेहऱ्यासारखाच निघाला, फक्त जास्त उन्हात राहिलेला.

"मीच घेत होतो," मी म्हणालो. "टाकी चाळीस पावलांवर होती. जाताना एकदा बसायचो, येताना दोनदा."

"येताना दोनदा का?"

"तांब्या भरलेला असायचा."

मामांनी घसा खाकरला. मग सासूबाईंच्या ध्यानात आलं असावं की आपण जावयाशी सरळ बोललो. त्यांनी झटकन पदर ओढला, पाठ केली, तरातरा गोठ्याकडं गेल्या आणि म्हशीपुढं उभ्या राहिल्या.

"सांगा त्यांना," त्या म्हशीला म्हणाल्या, पण आता आवाज शेजारच्या घरापर्यंतसुद्धा गेला नसता. "उद्याचा दिवस चांगला न्हाई. शनिवारी न्या म्हणावं. अन् तिला एकटीला टाकीवर पाठवायचं न्हाई."

म्हशीनं शेपटी हलवली. मी तीच परवानगी समजलो.

शनिवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. विमानात माणशी वीसच किलो नेता येतं, हे मी शुक्रवारी दिवसभर सांगत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं. सासूबाईंनी ज्वारीचं पीठ उन्हात तापवून तीन पिशव्यांत शिवलं. कडू झालं तर कडू, पण महिनाभर तरी भाकरी होईल, असा निरोप रांजणाच्या मार्फत माझ्यापर्यंत आला. मामांनी काही दिलं नाही. फक्त स्टँडवर माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "एकबी न्हाई?"

"एकबी न्हाई, मामा."

त्यांनी मान हलवली. त्यांना त्या जमिनीचा हेवा वाटला की कीव आली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

गाडी सुटली. बायको खिडकीशी बसली होती, पिठाची एक पिशवी मांडीवर. फाटा मागं गेला, उसाची रानं सुरू झाली. मला आता जरा ऐट आली होती. म्हटलं, आयुष्यात एकदाच खरं बोललो, पण काय बोललो! एका बैठकीत सासूचं मन फिरवलं, हिचंही फिरवलं. मी तिच्याकडं सरकून बसलो.

"खरं सांग," मी म्हणालो. "त्या तापाच्या गोष्टीवर ठरवलंस ना, यायचं?"

तिनं पिशवीची शिवण अंगठ्यानं दाबून बघितली.

"बॅग मी मंगळवारीच भरल्ती," ती म्हणाली.