आभार मानायचे राहून गेले

चार दिवसांसाठी बाहेर पडावं आणि महिनाभर पुरतील एवढे किस्से घेऊन परत यावं, तसं या मे महिन्यात आमचं झालं. शेजारणीला एक सांगायला बसले की मध्येच दुसरा आठवतो. म्हणून आता एकदाच ओळीनं सांगून टाकते.

आम्ही नाशिकला राहतो. जानेवारीत ह्यांची बायपास झाली, पुण्यात. तेव्हा दोन माणसं धावून आली. एक माझी नणंद शैला, बारामतीला शाळेत शिकवते. दुसरे ह्यांचे कॉलेजपासूनचे मित्र बाळासाहेब, इंदापूर तालुक्यातले ऊसवाले. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटल्याबरोबर हे म्हणाले, "आधी त्या दोघांना भेटून येऊ. तोंडानं आभार तरी मानू."

*

पुण्याहून बारामतीची एसटी धरली. गाडी उसळली की हे छातीवर हात दाबून धरायचे. कंडक्टरनं ते पाहिलं, काय झालंय ते विचारलं आणि पुढे जाऊन ड्रायव्हरच्या कानात काहीतरी सांगितलं. मग प्रत्येक ब्रेकरला गाडी हळू व्हायची आणि कंडक्टर मागे वळून सांगायचा, "पाव्हणं, धरा." कऱ्हाटी येईपर्यंत अख्खी गाडी त्याच्या हुकमावर दांड्या धरायला लागली होती.

बारामतीला उतरताना मागच्या सीटवरची एक आजी ह्यांना म्हणाली, "पुढच्या खेपंला बी याच गाडीला या. आज पहिल्यांदा माझी कंबर दुखली न्हाय."

*

शैलानं ह्यांचं वेळापत्रकच फ्रिजवर चिकटवलं होतं. गोळ्या, नाश्ता, चालणं, झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी हे फिरायला म्हणून गेले आणि पाच मिनिटांत चेहरा पाडून परत आले. मी घाबरले. छातीत दुखतंय का, विचारलं. तर तसलं काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या गाड्यावर ह्यांनी गुपचूप एक वडा मागितला होता. गाडेवाल्यानं मोबाइल काढून त्यात बघितलं, मग ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वडा न्हाय मिळायचा. बाईंनी फोटो पाठवलाय तुमचा."

त्याच दुपारी मी शैलासाठी आणलेली साडी काढली. ही बाई अकरा दिवस माझ्यासोबत हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपली होती. काय बोलायचं ते मी नाशिकपासून मनात जुळवत आले होते. पहिलं वाक्य संपायच्या आतच तिनं साडी घेतली, घडी न मोडता बाजूला ठेवली आणि म्हणाली, "वहिनी, दादा काल दोन जिने स्वतःच्या पायांनी चढून आला. मी दारात उभी राहून पायऱ्या मोजत होते. आणखी काय पाहिजे?"

*

तिथून बाळासाहेबांच्या गावी गेलो. त्यांनी ऑपरेशनच्या वेळी रक्त दिलं होतं. त्याचं नाव काढलं की ते विषय उसावर नेत. हे मात्र आता पूर्वीसारखे गप्प राहिलेले नाहीत, माझ्याशीसुद्धा वाद घालतात. मी तशी तक्रार केली तर बाळासाहेब गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, त्यांचा काय दोष न्हाय. बाटली माझी हाय."

ते आम्हांला भिगवणला पक्षी बघायला घेऊन गेले. नावाड्याला फार वाईट वाटत होतं. रोहित पक्षी बहुतेक निघून गेले, तुमी उशिरा आलात, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. शेवटी एका उथळ जागी चार दिसले. त्यानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "चारच हायत, साहेब."

ह्यांनी ते चारही बोटानं मोजले. मग म्हणाले, "मला जानेवारीत एकसुद्धा दिसेल असं वाटलं नव्हतं."

*

आणि हे शेवटचं, बाळासाहेबांच्या वडिलांचं. तात्या पंच्याऐंशीच्या पुढचे. उजनी धरण झालं तेव्हा त्यांचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि सगळे वर माळावर राहायला आले. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गावाची जमीन उघडी पडते. यंदा तात्यांना तिकडे न्यायचं राहून गेलं होतं. ते कळल्यावर ह्यांनीच हट्ट धरला.

ऊन उतरल्यावर निघालो. भेगाळलेल्या गाळावरून काठी टेकत तात्या पुढे, त्यांच्या बरोबरीनं हे. दोघांची चाल आता सारखीच. मागून मी आणि बाळासाहेब.

एका जागी तात्या थांबले. तिथं गुडघ्याएवढ्या दगडांची एक ओळ होती आणि मध्ये थोडी मोकळी जागा. बाकी काहीच नव्हतं, भिंत नाही, छप्पर नाही. तात्यांनी त्या मोकळ्या जागेशी चपला काढल्या, पलीकडे गेले आणि मागे वळून आमच्याकडे पाहिलं.

"भाईर का उभं? आत या की."

मी बाळासाहेबांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. ह्यांनी चपला काढल्या आणि पाऊल उचललं. तात्यांनी हात पुढे केला.

"डोकं सांभाळा. चौकट खाली हाय."

हे कमरेत वाकले आणि आत गेले.